शोधणे म्हणजे आठवणे का?

संगणकातली टिपणे, ईमेल, छायाचित्रे आणि फायली शोधून देणाऱ्या सॉफ्टवेअरला माणसाची स्मृती म्हणायचे का, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटला तरी मुळात ज्ञानमीमांसेचा आहे. व्हॅनेव्हर बुश यांनी 1945 साली ‘अटलांटिक’ मासिकात ‘मेमेक्स’ या काल्पनिक यंत्राचे वर्णन केले. माणसाची पुस्तके, पत्रे आणि नोंदी त्यात मायक्रोफिल्मवर राहतील, एकमेकांशी जोडता येतील आणि स्मृतीला पुरवणी मिळेल, अशी ती कल्पना होती. मेमेक्स बांधले गेले नाही. पुढे 1988 मध्ये मोकळ्या नोंदींची वर्गवारी करणारे ‘लोटस अजेंडा’ आले आणि 2005 मध्ये मॅक संगणकांवर फायली शोधून देणारे ‘स्पॉटलाइट’. अशा शोधामागची मुख्य युक्ती साधी आहे: कोणता शब्द कोणकोणत्या फायलींत आहे याची सूची आधीच तयार ठेवायची आणि विचारणा झाली की फायली न उघडता सूचीच पाहायची.

अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स यांनी 1998 च्या ‘द एक्स्टेंडेड माइंड’ या निबंधात बुश यांच्याही पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या उदाहरणातला ऑटो अल्झायमरचा रुग्ण आहे. संग्रहालयाचा पत्ता तो वहीत पाहतो आणि निघतो. वही सदैव हाताशी असेल, तिच्यातले सहज सापडत असेल आणि ऑटो ते शंका न घेता स्वीकारत असेल, तर ती त्याच्या मनाचाच भाग मानावी, असे ते म्हणतात. चौथी एक अट त्यांनी सुचवली, पण ठामपणे लावली नाही: त्या माहितीला त्याने पूर्वी कधीतरी जाणीवपूर्वक मान्यता दिलेली असावी. संगणकाच्या बाबतीत खरी अडचण याच अटीपाशी येते. न उघडलेले ईमेल आणि न वाचलेली पीडीएफ पुस्तकेही सूचीत जातात. जे कधी कळलेच नव्हते ते आठवले, असे कसे म्हणायचे?

भारतीय तर्कपरंपरेतल्या न्यायदर्शनाची भूमिका अधिक कडक आहे. त्यानुसार स्मृती हे केवळ संस्कारातून उपजणारे ज्ञान, आणि तो संस्कार पूर्वानुभवाने आत्म्यात उमटलेला असतो. डिस्कवरची नोंद त्याची जागा घेऊ शकत नाही. मग जुने टिपण सापडते तेव्हा घडते काय? अक्षरे दिसतात ते प्रत्यक्ष; त्यांतून अर्थ कळतो तो शाब्दबोध. टिपण पाहून जुना अनुभव जागा झाला, तरच स्मृती. काहीच जागे झाले नाही, तर वाचणारा स्वतःच्याच जुन्या शब्दावर विसंबलेला असतो, आणि शब्द प्रमाण ठरायला वक्ता आप्त लागतो, म्हणजे यथार्थ जाणणारा आणि तसेच सांगणारा. दहा वर्षांपूर्वी घाईत, ऐकीव माहितीवरून लिहिणारा माणूस आप्त होता की नाही, हे तपासावेच लागते. केवळ हस्ताक्षर आपले (किंवा पासवर्ड आपला) म्हणून ती तपासणी टळत नाही. एवढ्यापुरते तरी नैयायिकांचे म्हणणे ऑटोच्या बिनशंक वहीपेक्षा शहाणपणाचे वाटते.

स्मृती कशाने जागी होते, याची लांबलचक यादी न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात आहे. त्यातले लक्षण, सादृश्य, संबंध आणि आनंतर्य सॉफ्टवेअरला बऱ्यापैकी जमतात: टॅग, मिळत्याजुळत्या मजकुराचा शोध, टिपणांतले दुवे, तारखांचा क्रम. पण यादीची सुरुवात प्रणिधानाने, म्हणजे आठवायच्या इच्छेने मन एकाग्र करण्याने होते, आणि ते माणसाकडेच राहते. शोधचौकटीत कोणता शब्द टाकायचा हे आधी सुचावे लागते, म्हणजे पूर्ण विसरलेले कोणी शोधायलाच जात नाही. यादीत पुढे वियोग, सुख, दुःख, इच्छा, द्वेष आणि भय येतात. जुन्या छायाचित्रांची तारखेवरून आपोआप आठवण करून देणारी साधने येथेच गडबडतात: तारीख त्यांना ठाऊक असते, पण फोटोतल्या व्यक्तीशी आता वियोग झाला आहे की वैर, हे कोणत्याही सूचीत नोंदलेले नसते.