अपघाताचा रकाना

‘द डार्क नाइट’मधला जोकर आपण पडद्यावर पाहिला तेव्हा तो साकारणारा हीथ लेजर जाऊन सहा महिने झाले होते. २२ जानेवारी २००८, न्यूयॉर्क, वय २८. दोन आठवड्यांनी शवचिकित्सेचा निष्कर्ष आला. सहा औषधांचा एकत्रित परिणाम: ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही अफूच्या कुळातली वेदनाशामकं, डायझेपाम, टेमाझेपाम, अल्प्राझोलाम ही चिंतेवरची-झोपेची, आणि डॉक्झिलामाइन, जे तिथे चिठ्ठीशिवाय मिळतं. मृत्यूचा प्रकार अपघात. आणि तो कशामुळे, तर डॉक्टरी औषधांच्या गैरवापरामुळे.

मी या दोन शब्दांपाशी अडकलो. गैरवापर म्हटलं की कुणीतरी काहीतरी केलं. अपघात म्हटलं की ते घडलं. मग दोन्ही एकाच निवेदनात कसे?

अमेरिकेत मृत्यूच्या दाखल्यावर मोजके पर्याय असतात. नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, हत्या, नाहीतर अनिश्चित. बेफिकिरीला रकानाच नाही.

आधी मी कठोर होतो. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याची ‘शुद्धीत नव्हतो’ ही सबब आपण ऐकत नाही, कारण पहिला पेला त्याने शुद्धीतच उचललेला असतो. मग इथे सूट का?

पण पिणाऱ्याला पेल्यांची बेरीज कळते. इथे एकेकटं औषध सोसवतं, एकत्र आली की श्वास उथळ होत होत थांबू शकतो. धाप लागत नाही, जीव घाबरत नाही. धोक्याची घंटाही तीच औषधं बंद करतात. शिवाय पहिली गोळी ठरवणाऱ्यालाच गुंगी आणते. पुढची घ्यायची का, मघाशी घेतली होती का, हे ठरवणारा अर्धा झोपेत असतो. दोष द्यायला तर पूर्ण जागा माणूस लागतो.

अर्थात पहिली गोळी घेताना तो जागा होता, हे मला खोडता येत नाही. वेदनाशामकांच्या या कुळाबरोबर डायझेपामच्या जातीची औषधं घेऊ नयेत, अशी चौकटीतली ठळक सूचना तिथल्या एफडीएने दोन्हींवर छापायला लावली २०१६ साली. डॉक्टरांना धोका त्याआधीही माहीत होता. पण डॉक्टरांना माहीत असणं म्हणजे रात्री तीन वाजता झोप न येणाऱ्याला माहीत असणं का?

हे लिहिताना उठून घरातला औषधांचा डबा उघडला. दुकानदाराने कात्रीने कापून दिलेले पट्ट्यांचे तुकडे. नाव कुठल्यातरी दुसऱ्याच तुकड्यावर राहिलेलं. आईला विचारलं, यातली झोपेची कुठली?

“ती पांढरी.”

पांढऱ्या तीन होत्या.