अपराध कोणाचा?

कोवळ्या वयाच्या मुलानें चोरी केली किंवा सुरा उपसला असें कानीं आलें, कीं समाज तत्काळ निकाल देऊन मोकळा होतो. कोणी म्हणतो, बीजच वाईट. कोणी म्हणतो, आईबापांनीं वळण लावलें नाहीं. दोन्ही मतांत एक मोठी सोय आहे : दोष दुसऱ्याच्या घरीं राहतो.

ही सोय अमेरिकेंतील क्लिफर्ड शॉ व हेन्री मॅके या समाजशास्त्रज्ञांनीं हिरावून घेतली. शिकागोच्या न्यायालयापुढें आलेल्या हजारों मुलांचीं घरें त्यांनीं शहराच्या नकाशावर मांडलीं आणि १९४२ सालीं आपले निष्कर्ष ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. मध्यवर्ती व्यापारी भाग व कारखाने यांच्या लगतच्या दरिद्री वस्त्यांत अपराधी मुलांचें प्रमाण सर्वाधिक असे. शहराच्या कडेकडे जावें तसतसें तें उतरे. नवल याहून पुढेंच आहे. त्या वस्त्यांतून जर्मन व आयरिश लोक निघून गेले, त्यांच्या जागीं पोलिश व इटालियन आले, तरी तेथील प्रमाण फारसें पालटलें नाहीं. आणि जे बऱ्या भागांत राहावयास गेले त्यांच्या मुलांत तें घटलें. दोष रक्तांत असता, तर तो बिऱ्हाडाबरोबर गेला असता! जेथें कोणी स्थिर राहत नाहीं, शेजारी शेजाऱ्यास ओळखीत नाहीं, तेथें चुकणाऱ्या मुलाला ‘तूं कोणाचा रे?’ असें विचारणार कोण? मग मोठीं मुलेंच लहानांचे गुरु होतात.

यावर आक्षेप येईल, कीं त्याच गल्लींतील बहुतेक मुलें सरळ वागतात, तीं कशीं? आक्षेप रास्त आहे. वस्ती कोणाचा हात धरून चोरी करवीत नाहीं. करणारा जबाबदार राहतोच. परंतु जबाबदारी म्हणजे वडिलार्जित जमीन नव्हे, कीं वांटणी होतांच प्रत्येकाचा वांटा लहान व्हावा. मुलाचा दोष तसूभर न घटतां आपला दोष पुरा राहूं शकतो.

आपल्याकडील २०१५ चा बालन्याय कायदा १६ ते १८ वर्षांच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असतां, त्याला प्रौढ मानून खटला चालवावा किंवा कसें, हें ठरविण्यापूर्वीं त्याची समज व गुन्ह्याची परिस्थिति तपासावयास सांगतो. ती परिस्थिति मुलापुरतीच तपासली जाते. तिला कोणी शिक्षा करीत नाहीं, कीं तिची सुधारणाही करीत नाहीं. म्हणून एक मुलगा सुधारगृहांत जातो. परंतु गल्लींतील त्याची जागा फार काळ रिकामी राहत नाहीं.