शर्यत कुणी पाहिली?

मोटारशर्यतींचं माझं सगळं शिक्षण किलोच्या भावाने झालं. उज्जैनच्या फ्रीगंजात, टॉवर चौकाच्या मागच्या गल्लीत, एक रद्दीचं दुकान होतं. दुकानदार वर्तमानपत्रं एका बाजूला रचायचा आणि गुळगुळीत कागदाची इंग्रजी मासिकं दुसऱ्या बाजूला, कारण त्या कागदाच्या पुड्या नीट वळत नाहीत आणि किराणावाले तो घेत नाहीत. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही तीन-चार मराठी मुलं शाळा सुटली की त्या दुसऱ्या ढिगाशी जाऊन बसायचो. कधी 'कार अँड बाइक इंटरनॅशनल'चा सुटा अंक मिळायचा, कधी कुणा परदेशी राहून आलेल्या इंजिनिअरच्या घरातून निघालेला 'ऑटोस्पोर्ट', तर कधी मुखपृष्ठ फाटलेला 'मोटर स्पोर्ट'. ताजा अंक दिसायचा तो मुंबईहून मामा अवंतिका एक्स्प्रेसने आले की. मामांना गाड्यांतलं काही कळत नव्हतं, पण भाच्यासाठी दर खेपेला मुंबईच्या स्टेशनवरच्या स्टॉलवरून एक अंक ते आठवणीने घ्यायचे.

आमच्यापैकी कुणीही शर्यत पाहिलेली नव्हती. पाहणार तरी कुठे? भारतातली मोटारशर्यत म्हणजे तेव्हा मद्रास. 1953 साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने शोलावरमच्या महायुद्धकाळातल्या धावपट्टीवर वर्षानुवर्षं शर्यती भरवल्या आणि 1990 साली श्रीपेरुम्बुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचा ट्रॅक सुरू केला. कोइमतूरच्या करिवर्धन यांनी मारुतीचं इंजिन बसवून एकआसनी शर्यतीची गाडी देशातच तयार केली. ती फॉर्म्युला मारुती चालवत नारायण कार्तिकेयनसारखी मुलं पुढे आली. करिवर्धन 1995 साली विमान अपघातात गेले. कोइमतूरचा एक ट्रॅक त्यांच्याच नावाचा आहे. हे सगळं मी उज्जैनमध्ये बसून पाहिलं. 'वाचलं' असं म्हणायला हवं हे मला कळतं, पण आठवणीत ते पाहिल्यासारखंच आहे. दुपारी तापलेल्या डांबरावर टायर कधी हात टेकतो, कोणत्या वळणाला कोण घाबरून आधी ब्रेक लावतो, हे लिहिणारा माणूस तिथे कुंपणाला टेकून उभा होता. त्याचे डोळे आम्हाला उसने मिळाले होते.

अशा डोळ्यांचा सगळ्यात मोठा नमुना डेनिस जेंकिन्सन. 'मोटर स्पोर्ट' हे इंग्रजी मासिक 1924 सालचं. बिल बॉडी यांनी 1936 ते 1991 अशी पंचावन्न वर्षं त्याचं संपादन केलं, आणि जेंकिन्सन हे त्यांचे युरोपातले बातमीदार. ते नुसते लेखक नव्हते. 1949 साली एरिक ऑलिव्हर यांच्या साइडकारमध्ये बसून ते विश्वविजेते झाले होते. 1 मे 1955 रोजी इटलीतल्या मिले मिलिया शर्यतीत ते स्टर्लिंग मॉस यांच्या शेजारी बसले. गाडीचा क्रमांक 722, कारण ती सकाळी 7 वाजून 22 मिनिटांनी सुटली. आधी अनेकदा फिरून रस्त्याचं प्रत्येक वळण त्यांनी एका लांबलचक कागदावर उतरवून घेतलं होतं. तो कागद गुंडाळीसारखा सरकवत, इंजिनाच्या गोंगाटात बोलणं ऐकू येत नाही म्हणून हाताच्या खुणांनी, ते पुढचं वळण सांगत राहिले. सुमारे 1600 किलोमीटर, 10 तास 7 मिनिटं 48 सेकंद. सरासरी वेग ताशी जवळजवळ 158 किलोमीटर, आणि तोही साध्या सार्वजनिक रस्त्यांवर. वाटेत त्यांना उलटी झाली, चष्मा वाऱ्याने उडून गेला, आणि हेही त्यांनी लिहिलं. जूनच्या अंकात आलेला तो लेख आजही शोधून वाचला जातो. शर्यत जिंकणाऱ्या गाडीतूनच बातमी आली, असं क्वचितच झालं असेल.

मला वाटतं, लिहिणाऱ्याने स्वतः हजर असावं ही गोष्ट आमच्या गावाला लवकर कळावी. उज्जैन हे काळ मोजणाऱ्यांचं गाव. जुन्या सिद्धान्तग्रंथांनी रेखावृत्तं मोजली ती इथूनच. जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली इथली वेधशाळा पुढे मोडकळीला आली. 1923 साली माधवराव शिंद्यांच्या काळात तिचा जीर्णोद्धार झाला आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाने ती पुन्हा कामाला लावली. लहानपणी तिथलं सम्राट यंत्र बघायला गेलो की भिंतीची सावली रेघांवरून सरकताना डोळ्यांना दिसायची. वेध घ्यायचा तर यंत्रापाशी माणूस उभा लागतो. ज्याने वेध घेतला नाही त्याने आकडा लिहू नये, इतका साधा तो धर्म आहे. शर्यत हीसुद्धा शेवटी काळाचीच मोजणी. मासिकाने तिचा वेध घ्यावा, एवढीच माझी अपेक्षा होती आणि आजही आहे.

वेध न घेता नुसता निकाल छापला तर काय होतं, याचं उदाहरण म्हणून 19 जून 2005 ची इंडियानापोलिसची शर्यत सांगतो. नारायण कार्तिकेयन चौथा आला, पाच गुण मिळाले, फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. निकालाच्या तक्त्यात एवढंच दिसतं. प्रत्यक्षात मिशेलिन टायर वापरणाऱ्या चौदा गाड्या सुरक्षेच्या कारणाने सुरुवातीलाच पिटमध्ये परतल्या होत्या आणि सहाच गाड्या धावल्या. हे सांगितल्याने नारायणचं मोल कमी होत नाही. त्या दिवशी त्या मंद जॉर्डन गाडीला भिंतीपासून वाचवत शेवटपर्यंत नेणं हे त्याचं काम होतं आणि ते त्याने केलं. पण ज्या मुलाने नुसता तक्ता वाचला, त्याला शर्यत कळली नाही. त्याला फक्त अभिमान मिळाला, आणि अभिमान सहा महिन्यांत विरतो.

आता माझी तक्रार. 1998 साली आदिल जाल दारूखानावाला यांच्या संपादनाखाली 'ओव्हरड्राइव्ह' निघालं, 1999 साली होरमझ्द सोराबजी यांचं 'ऑटोकार इंडिया' आलं, 2005 साली 'कार इंडिया' आणि 'बाइक इंडिया' आली. 'बाइक इंडिया'चे अस्पी भाथेना स्वतः शर्यतीत उतरलेले. त्या काळात आम्हाला वाटलं की आता सोन्याचे दिवस आले. पुढच्या दहा वर्षांत मी एका मासिकाची वर्गणी न चुकता भरत होतो, त्याचं नाव इथे घेत नाही. त्याच्या एका अंकात नव्या गाडीच्या अनावरणावर आठ पानं होती. त्यात समुद्रकाठचं हॉटेल होतं, जेवणाचं वर्णन होतं, सूर्यास्ताचा पानभर फोटो होता. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फेरीला दोन ओळी होत्या, आणि त्या दोन ओळी टायर कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकातून जशाच्या तशा उचललेल्या होत्या. हे मला कळलं, कारण तेच शब्द मी आदल्याच आठवड्यात वर्तमानपत्रात वाचले होते. मी संपादकांना चार पानी पत्र लिहिलं. उत्तर म्हणून वर्गणीची मुदत वाढवण्यासाठी सवलत आली. मी ती वर्गणी बंद केली आणि कितीतरी दिवस घरातलं माणूस दूर गेल्यासारखा वागत होतो.

राग पैशावर काढणं सोपं आहे, पण ते खरं नाही. मोटारशर्यत पैशाशिवाय कधीच नव्हती. 1968 साली लोटसच्या गाड्या हिरवा रंग सोडून सिगारेटच्या पाकिटाच्या लाल-पांढऱ्या-सोनेरी रंगात धावू लागल्या, आणि ज्याला आपण सुवर्णकाळ म्हणतो त्या काळातल्या कितीतरी गाड्यांवर तंबाखूचीच नावं होती. मासिकंही जाहिरातीवरच चालत आली. तुमच्या हातातल्या या अंकाचंही तेच आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचकाने जाहिरातीचं पान आणि लेखाचं पान शेजारी शेजारी पाहिलं आहे. त्याला फरक कळतो. साबणाची जाहिरात ही जाहिरात म्हणून आली की तो ती बघतो आणि पान उलटतो. लेखाच्या पोटातून साबण निघाला की तो फसवला जातो.

भारतातल्या शर्यतींची अडचण आणखी खोल आहे. इथे शर्यत भरवणारे, गाडी पुरवणारे आणि मासिकात जाहिरात देणारे बहुतेकदा तेच असतात. एमआरएफ, जेके टायर, टीव्हीएस, होंडा यांनी पैसा घातला नसता तर या देशात शर्यत उरलीच नसती, हे मी कृतज्ञतेने लिहितो. पण त्यामुळे बातमीदाराला कडक लिहायची जागाच राहत नाही. चाचणीची गाडी कंपनीची, विमानाचं तिकीट कंपनीचं, ट्रॅकही कंपनीने भाड्याने घेतलेला. असा माणूस गाडीचा ब्रेक मऊ आहे हे लिहू शकेल, पण सुरक्षेची भिंत अपुरी होती हे लिहिताना त्याचा हात थबकणार. आणि अशा वेळी तो गप्प राहिला तर किंमत एखाद्या एकोणीस वर्षांच्या स्वाराला मोजावी लागते.

जुनं ते सगळं चांगलं होतं असंही मी म्हणणार नाही. ते जुने अंक परत काढून बसलो की खटकतं: मेकॅनिकचं नाव जवळजवळ कुठेच नाही. बाई दिसते ती गाडीशेजारी छत्री धरून. अशा बायका उभ्या करण्याची प्रथा फॉर्म्युला वनने 2018 साली बंद केली, आणि कुणाचं काही अडलं नाही. राजेरजवाड्यांच्या गाड्यांवर पानंच्या पानं, आणि ज्याने कर्ज काढून दुचाकी बांधली त्याला एक ओळ. माझ्या आठवणींतल्या मासिकाला हे दोष होते. तरी तिथे कुणीतरी हजर होतं, म्हणून निदान ती एक ओळ तरी मिळाली.

माझा मुलगा म्हणतो, बाबा, आता सगळं दिसतं ना. खरं आहे. मोबाइलवर प्रत्येक गाडीच्या आतला कॅमेरा, क्षणाक्षणाची वेळ, रेडिओवरचं बोलणं. लिबर्टी मीडियाने फॉर्म्युला वन विकत घेतलं, त्यावरची नेटफ्लिक्सची मालिका 2019 साली आली आणि उज्जैनच्या कोचिंग क्लासमधली मुलंमुली आज लेक्लेर-नॉरिसवर वाद घालतात. मला याचा आनंदच आहे. पण हा उजेड एका खिडकीत आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 अशा तीन फॉर्म्युला वन शर्यती झाल्या, तिन्ही फेटेलने जिंकल्या, मग ती शर्यत गेली. 2023 साली मोटोजीपी एकदा आली. त्या दिवसांवर लिहिलेलं हवं तेवढं सापडतं. त्याच ट्रॅकवर इतर महिन्यांत कोण धावलं, हे शोधायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही.

आणि हा आपल्या घरचा प्रश्न आहे. पुण्याची मोटोक्रॉसची परंपरा जुनी आहे. संजय टकले पुण्यातून निघून आंतरराष्ट्रीय रॅलींत उतरले. नाशिकच्या घाटवाटांनी राष्ट्रीय रॅली पाहिल्या. कोल्हापूरजवळ हुपरीत मोहिते कुटुंबाने ट्रॅक उभा केला आणि ध्रुव मोहिते तिथून वर आला. यांतल्या कशाचाही सलग इतिहास मराठीत माझ्या पाहण्यात नाही. इंग्रजी मासिकांच्या मागच्या पानांत जो तुटक तुटक नोंदला गेला, तोच काय तो पुरावा, आणि ती मागची पानंच आधी कापली गेली. इथे उज्जैनजवळच पिथमपूरला, जिथे किनेटिक होंडाच्या आणि बजाज टेम्पोच्या कारखान्यांमुळे कितीतरी मराठी घरं माळव्यात आली, तिथे 2021 साली 11.3 किलोमीटरचा चाचणी ट्रॅक सुरू झाला. तो आशियातला सर्वांत लांब म्हणवतो. त्यावर गाड्या भन्नाट वेगाने धावतात, पण कंपन्यांसाठी, फाटकाच्या आत. आमच्या लहानपणी तो असता तर आम्ही कुंपणाला लटकलो असतो. आजच्या मुलांना तो काय आहे हे सांगणारा लेखही मिळत नाही.

मोटार मासिकांच्या संपादकांना माझी एकच विनंती आहे. प्रत्येक शर्यतीच्या बातमीखाली लिहा की तुमचा माणूस तिथे होता की नव्हता. नसेल तर प्रसिद्धिपत्रकावरून असं स्पष्ट छापा, त्यात कमीपणा नाही. वर्षातून एक फेरी स्वतःच्या खर्चाने, रेल्वेने जाऊन पाहा. चार पानं द्या, एका मेकॅनिकचं नाव त्यात असू द्या.

आणि वाचकांना. पुण्यात, कोल्हापुरात, नाशकात ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात शर्यती केल्या, त्यांची इंजिनं ट्यून करणारे उस्ताद आता थकले आहेत. त्यांच्याकडे जा, ट्रॅकचं नाव, साल, गाडी आणि वेळ एवढं तरी वहीत उतरवून घ्या. माळ्यावरचे जुने अंक या दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत देण्याआधी शेवटची पानं एकदा चाळा. निकाल तिथे बारीक टाइपात असतात. ते कापून ठेवा आणि वर अंकाचा महिना आणि साल लिहा.