परावलंबन

परावलंबनासारखी लाजिरवाणी गोष्ट नाहीं, असें आपणां सुशिक्षितांस लहानपणापासून शिकविण्यांत येतें. स्वावलंबनावरील निबंध मींही विद्यार्थ्यांकडून पुष्कळ लिहवून घेतले. आणि ज्यांत मुंगीचा दृष्टांत नाहीं असा निबंध त्यांत विरळा. ती उद्योगी, ती संचयी, ती कोणापुढें हात न पसरणारी! परंतु अलीकडे एका मुंगीची हकीकत वाचनांत आली, आणि तेव्हांपासून तो दृष्टांत देण्याचा मला धीर होत नाहीं.

ज्यूलियस रोगर या जर्मन वैद्यानें १८६२ सालीं ज्या गणास 'अॅक्रोपायगा' असें नांव दिलें, त्या गणांतील ही मुंगी होय. ती आपल्या देशांतही आढळते. पण दिसत मात्र क्वचितच, कारण तिचा जन्म जमिनीखालीं जातो. रंग पिवळा, लांबी अवघी कांहीं मिलिमीटर, आणि कामकरी मुंगीचे डोळे तर केवळ टिंबाएवढे. तिचा सारा व्यवहार शृंगिकांच्या स्पर्शानें व गंधानें चालतो. तिच्या बिळांत झाडांच्या मुळ्या आलेल्या असतात, आणि त्यांवर पिठ्या ढेकणाच्या जातीचे पांढरे किडे रस शोषीत बसलेले असतात. त्यांच्या अंगांतून जो गोड द्रव बाहेर पडतो, त्यावर या मुंगीचा निर्वाह चालतो. बिळास धक्का लागला कीं ती त्या किड्यांना, आपल्या पिलांप्रमाणेंच, तोंडांत धरून सुरक्षित जागीं नेते.

याहून नवलाची गोष्ट राणीची. विवाहासाठीं ती जन्मांत एकदांच आकाशांत उडते; त्या वेळीं तिच्या जबड्यांत अलगद धरलेला एक किडा असतो. नव्या वसाहतीचें सारें पोषण पुढें त्याच्या संततीवर व्हावयाचें असतें. डोमिनिकन प्रजासत्ताकांत सांपडलेल्या अंबर नामक अश्मीभूत राळेंत असा किडा धरलेल्या राण्या आढळल्या असून त्यांचें वर्णन २००१ सालीं प्रसिद्ध झालें. ती राळ निदान दीड कोटी वर्षांची आहे. तेव्हां हा परिपाठ कालपरवांचा नव्हे.

आतां येथें पोशिंदा कोण आणि पोसलेला कोण? मुंगीवांचून किडा अनाथ, किड्यावांचून मुंगी उपाशी. मात्र यावरून परस्पर साहाय्याचें गोड तात्पर्य काढण्याची घाई करूं नये. ज्या झाडाचा रस जातो त्यास या स्नेहाचा लाभ कोणता? कोलंबियांतील कॉफीच्या बागाईतदारांस या मुंग्या उपद्रवीच वाटतात. शिवाय, सृष्टिक्रमाचें अनुकरण म्हणजे नीति नव्हे, असें हक्स्लेनें ऑक्सफर्ड येथील १८९३ सालच्या व्याख्यानांत बजावून ठेवलें आहे, आणि तें मला मान्य आहे. मुंगी आपणांस नीति शिकवूं शकत नाहीं. परंतु आपण तिच्याविषयीं जें खोटें रचलें, तें ती मोडूं शकते. जमिनीवरची मुंगी पाहून आपण स्वावलंबनाचे गोडवे गाइले. खालीं काय चाललें आहे, हें पाहिलें नाहीं.

हें लिहितांना मला एका निराळ्याच गोष्टीची आठवण होते. माझी एक विधवा आत्या तीस वर्षें आमच्या घरीं होती. तिला मीं कधीं दुरुत्तर केलें नाहीं. मात्र पाहुण्यांशीं ओळख करून देतांना मी म्हणत असें, "ह्या आमच्या आत्या, यांना आमच्यावांचून कोणी नाहीं." ती ऐके, आणि आंत निघून जाई. मुलांचीं आजारपणें तिनें काढलीं; मी रात्रीं उत्तरपत्रिका तपाशीत बसें, तेव्हां न सांगतां चहा आणून ठेवणारीही तीच. माझ्या मनांतल्या जमाखर्चांत तिचें नांव सदैव खर्चाच्या बाजूस होतें.

ती वारल्यावर तेराव्याच्या गडबडींत कोणाच्या लक्षांत राहिलें नाहीं, आणि घरांत विरजणापुरतेंही दहीं उरलें नाहीं. शेजारून आणतां आलें असतें; पण पत्नीनें तें मुलीकडून मागविलें. मुलगी परगांवीं बिऱ्हाड करावयास निघाली, तेव्हां आत्यानें आपल्या विरजणांतलें थोडें दहीं एका लहानशा बरणींत घालून तिच्या हातीं दिलें होतें. सहा वर्षें तें तिच्या घरीं रोज लागत होतें, हें मला त्या दिवशीं कळलें.

दुसऱ्यावर अवलंबून असणें ही लाज खास नव्हे. आपण कोणावर अवलंबून आहों, हें तीस वर्षें न कळणें ही मात्र लाज आहे. आणि ती माझी आहे. आत्यासमोर "आम्हांला यांच्यावांचून कोणी नाहीं" असें एकदां म्हणण्यास मला कांहीं पडलें नसतें.