विद्यारंभ आणि अभय : नव्या शैक्षणिक वर्षात मुलांचे ऑनलाइन रक्षण



जून उजाडला की महाराष्ट्रात शाळेची लगबग सुरू होते. इकडे काशीतही उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरू लागतात. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागांत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांतही वह्यांना कव्हरे घातली जातात आणि पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिला जातो. आता दप्तराच्या जोडीने आणखी एक वस्तू मुलाच्या हाती येते, ती म्हणजे मोबाइल. शाळेची सूचना त्यावर, गृहपाठ त्यावर आणि शिकवणीचा वर्गही त्यावरच. म्हणून यंदाच्या विद्यारंभी मुलांच्या रक्षणाचा विचार करूया.

१. अध्ययनापूर्वीची पहिली मागणी

कठ आणि तैत्तिरीय उपनिषदांचे अध्ययन सुरू करताना गुरू आणि शिष्य मिळून शांतिपाठ म्हणतात. आपल्यापैकी अनेकांना तो पाठ आहे. त्यात परमात्म्याकडे पहिली मागणी ज्ञानाची नाही, रक्षणाची आहे. आणि तीसुद्धा एकट्या शिष्याच्या नव्हे, तर दोघांच्या एकत्र रक्षणाची. त्यानंतर पोषण, सामर्थ्य आणि तेजस्वी अध्ययन मागितले आहे. शेवटची मागणी आहे की, आम्हा दोघांत द्वेष न यावा.

एका टोकाला रक्षण, दुसऱ्या टोकाला अतूट नाते, आणि या दोहोंच्या मध्ये विद्या. शिकवणारा आणि शिकणारा यांच्यातील नाते तुटले, तर रक्षणही उरत नाही. आई-वडील हे मुलाचे पहिले गुरू. त्यांनाही हाच नियम लागू आहे.

२. कोतवालाचा उग्रपणा कोणासाठी?

श्री कालभैरव हे काशीचे कोतवाल. त्यांच्या दर्शनावाचून काशीची यात्रा पूर्ण झाली, असे भाविक मानत नाहीत. त्यांचे रूप उग्र आहे. तरीही आया आपल्या तान्ह्या बाळांना घेऊन त्यांच्या दारी जातात आणि तिथला काळा दोरा श्रद्धेने बाळाला बांधतात. ज्या रूपाला पापी भितो, त्याच रूपापाशी मूल निर्धास्त असते. रक्षकाचे लक्षण हेच. त्याचा धाक दाराबाहेरच्याला असतो, घरातल्या लेकराला नाही.

आपल्या घरी काय घडते? मोबाइलमधून कोणीही अनोळखी माणूस थेट मुलाच्या अंथरुणापर्यंत येतो, त्याला आपण अडवत नाही. मात्र काही विपरीत घडले की सारा राग मुलावर निघतो. “तूच कशाला बोललास?” “तुला मोबाइल दिला हेच चुकले!” कोतवाल आतल्यावरच उगारू लागला, तर मुलाने जावे कोणाकडे?

३. फसवणारा कशावर जगतो?

फसवणुकीची रीत बहुधा ठरलेली असते. खेळाच्या ॲपवर किंवा इन्स्टाग्रामवर समवयस्क असल्याचे भासवून कोणी ओळख काढतो. गोड बोलतो, कौतुक करतो, मग वेगळ्या खासगी चॅटवर बोलावतो. “हे आपल्या दोघांतच ठेव,” असे सांगून एखादे छायाचित्र मागतो. ते हाती पडले की धमकी सुरू होते. पैसे दे, नाहीतर आणखी छायाचित्रे दे, नाहीतर हे सगळीकडे पाठवतो. मुलगे यातून सुरक्षित असतात, हा समज चुकीचा आहे. त्यांनाही याच रीतीने अडकवले जाते. कित्येकदा तर मुलाने काही पाठवलेलेही नसते. साध्या छायाचित्रावरून एआयच्या साहाय्याने खोटे अश्लील चित्र तयार केले जाते.

फसवणाऱ्याचे खरे शस्त्र ते छायाचित्र नव्हे. ‘घरी कळले तर काय होईल’ ही मुलाच्या मनातली भीती, हेच त्याचे शस्त्र आहे. भीतीने मूल गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्यावरच तो जगतो. मूल एकदा घरी बोलले की त्याचे निम्मे बळ संपते.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे गुण सांगताना भगवंताने पहिले नाव अभयाचे घेतले आहे. दान, तप, सत्य हे सारे त्यानंतर येतात. निर्भय मूलच खरे बोलू शकते. मुलाकडून सत्याची अपेक्षा असेल, तर आधी त्याला अभय द्यायला हवे.

४. काशीला निघालेला बटू आणि मामा

सोडमुंजीचा प्रसंग आपण सर्वांनी पाहिला आहे. बटू काशीला निघतो, आणि मामा त्याला आडवा येऊन, “माझी मुलगी देतो, जाऊ नकोस,” म्हणत माघारी आणतो. सगळे हसतात. पण त्या गमतीत एक शहाणपण आहे. मूल दूर निघाले, तर आई-वडिलांखेरीज आणखी एक आपले माणूस वाटेत उभे असले पाहिजे.

आज मूल घर न सोडता, पांघरुणात पडल्या पडल्या काशीहून दूर जाऊन येते. त्याला आडवा येणारा मामा कोण? प्रत्येक मुलासाठी असे एक माणूस ठरवावे. मामा, मावशी, आत्या, शाळेतील एखादी बाई किंवा सत्संगातील ज्येष्ठ साधिका, कोणीही चालेल. “आम्हाला सांगायला संकोच वाटला तर यांना सांग, आम्ही रागावणार नाही,” हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावे.

५. साधक पालकांनी करावयाची कृती

अ. शाळेच्या पहिल्या दिवसाचे छायाचित्र सर्वांना दिसेल असे टाकू नये. गणवेश, ओळखपत्र आणि बसचा क्रमांक यांवरून मूल कुठे, केव्हा असते हे अनोळखी माणसाला कळते. ही चूक मुले नव्हे, मोठी माणसे करतात.

आ. इन्स्टाग्रामसारख्या माध्यमांच्या नियमांनुसार खाते उघडण्यासाठी वय किमान १३ वर्षे लागते. खोटे वय घालून मुलाचे खाते उघडून देणे म्हणजे त्याला असत्याचा पहिला धडा देणे होय.

इ. रात्री घरातील सर्व मोबाइल देवघराजवळ किंवा बैठकीच्या खोलीत चार्जिंगला ठेवावेत. आई-वडिलांचेसुद्धा. आपण पाळत नाही तो नियम मुलेही पाळत नाहीत.

ई. धमकी आलीच, तर पैसे देऊ नयेत आणि चॅट पुसू नये. स्क्रीनशॉट व खात्याचे नाव जपून ठेवावे, मग ते खाते ब्लॉक करावे. १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा गृह मंत्रालयाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच कळवावे, कारण रक्कम गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांत अधिक असते. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

उ. १८ वर्षांखालील मुलांची अशी छायाचित्रे पसरू नयेत यासाठी ‘टेक इट डाऊन’ ही विनामूल्य सेवा आहे. तिथे छायाचित्र पाठवावे लागत नाही, त्याचा केवळ डिजिटल ठसा घेतला जातो.

ऊ. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने तक्रार टाळू नये. २०१२ चा पॉक्सो कायदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही संरक्षण देतो, आणि पीडित मुलाची ओळख उघड करण्यास त्यात मनाई आहे.

६. संकल्प

या आठवड्यात एके दिवशी संध्याकाळी देवापुढे दिवा लावल्यावर मुलाला जवळ बसवावे. मोबाइल दूर ठेवून त्याला एवढेच सांगावे, “बाळा, तुझ्या हातून काहीही झाले, कोणी काहीही म्हटले, तरी आधी माझ्याकडे ये. मी आधी तुझ्या बाजूने उभा राहीन, चूक-बरोबर नंतर पाहू.” आणि तो क्षण खरोखर आला, तर हा शब्द पाळावा. दिलेले अभय मोडले, तर मूल दुसऱ्यांदा आपल्या दारी येणार नाही.

हे काशीविश्वेश्वरा, आमच्या लेकरांच्या विद्येचे रक्षण कर. हे कालभैरवा, तुझी जागरूकता आम्हाला दे, आणि आमचा राग योग्य दिशेला वळव. आमच्या घरातील प्रत्येक मुलाला निर्भयपणे बोलता येवो, आणि ते ऐकण्याचे धैर्य आम्हाला लाभो, हीच तुमच्या चरणी प्रार्थना.