निर्यात आणि निष्ठा : संघलिखित संहितेचा एक नैतिक प्रश्न

संहिता एका रूपातून दुसऱ्या रूपात नेणे ही केवळ तांत्रिक क्रिया आहे, की तिच्यात काही नैतिक जबाबदारीही गुंतलेली असते? भाषांतर, माध्यमांतर आणि पाठसंपादन यांच्या संदर्भात हा प्रश्न आपल्याकडे चर्चिला गेला आहे. परंतु शब्द तेच ठेवून त्यांचे पात्र तेवढे बदलले जाते, तेव्हा त्या कामाकडे आपण लेखनिकाचे काम म्हणूनच पाहतो. आज विद्यापीठीय विभाग, संशोधकांचे गट आणि संस्था आपली टिपणे, परिभाषा व अभ्याससाहित्य विकीच्या पानांवर मिळून लिहितात आणि गरजेप्रमाणे ती पाने पीडीएफ, वर्ड किंवा ई-पुस्तक या रूपांत बाहेर काढतात. या क्रियेला रूढ झालेला शब्द आहे ‘निर्यात’. यवतमाळच्या बाजारातून निघालेली कापसाची गासडी परदेशी पोचली तरी कापसाचीच राहते. मालाचे स्वरूप स्थलांतराने बदलत नाही, हे या व्यापारी शब्दात गृहीत आहे. हे गृहीतक संघलिखित संहितेला लागू पडत नाही, असे येथे सुचवावयाचे आहे.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली. मराठी विकिपीडियाचा आरंभ २००३ मधला. विकीचे पान म्हणजे पडद्यावर दिसणारा मजकूर एवढेच नसते. त्यामागे प्रत्येक बदलाचा इतिहास असतो, बदल करणाऱ्याचे नाव वा खूण असते, मतभेदांची चर्चा असते आणि इतर पानांकडे जाणारे दुवे असतात. दिसणारा मजकूर हा या चालू व्यवहारातील तात्पुरता तह होय. पीडीएफ काढली की हा तह तेवढा उरतो. तो कोणाकोणात झाला आणि कोणाचे म्हणणे मागे पडले, हे सामान्यतः उरत नाही. उलट, सर्व आवृत्त्यांसह एक्सएमएल रूपातील प्रत काढता येते. परंतु ती यंत्राला वाचता येते, माणसाला वाचणे दुष्कर असते. म्हणजे जे वाचनीय आहे ते अपुरे आणि जे पुरे आहे ते वाचनीय नाही, अशी अडचण येथे उभी राहते.

ही अडचण संगणकाने निर्माण केली असे मानणे चूक ठरेल. यवतमाळला डॉ. य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रमाच्या द्वारे महानुभावीय पोथ्यांचा संग्रह आणि अभ्यास केला. त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ चा. ज्या वाङ्मयाचा शोध या गावात बसून घेतला गेला, त्याच्या केंद्रस्थानी असलेले ‘लीळाचरित्र’ हे मराठीतील संघलेखनाचे बहुधा सर्वांत विचारप्रवर्तक उदाहरण आहे. चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या त्या व्यक्तींना भेटून मिळवल्या आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत नष्ट झाली व अनुयायांनी स्मरणातून ती पुन्हा सिद्ध केली, असे संप्रदायाची परंपरा सांगते. त्यामुळे हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास अशा नावांनी ओळखले जाणारे पाठ निर्माण झाले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, या परंपरेने स्मरणांतील तफावत सरसकट पुसून टाकली नाही. भिन्न स्मरणाला तिने ‘वासना’ अशी संज्ञा दिली, चौकशीतून हाती आलेल्या तपशिलाला ‘शोध’ म्हटले, आणि लीळेच्या अंगाशीच त्यांची नोंद ठेवली. मतभेद हा संहितेचा दोष नसून तिचा एक घटक आहे, ही जाण त्यामागे दिसते.

याच परंपरेत निर्यातीचाही एक प्रसंग घडला. केसोबासांनी लीळांमधून चक्रधरांची वचने निवडून वेगळी काढली आणि विषयवार रचली, तोच सूत्रपाठ. पाठांतराला सोपी, सोबत नेण्याजोगी, सिद्धांताच्या अध्ययनाला सोयीची अशी ही संहिता होती. परंतु कोणते वचन कोणाला, कोठे आणि कोणत्या प्रसंगी उद्देशून होते, हे त्या निवडीत मागे राहिले. एका विशिष्ट व्यक्तीला, तिच्या विशिष्ट चुकीबद्दल उच्चारलेले वाक्य प्रसंगापासून सुटले की सर्वांसाठी आज्ञा बनू शकते. ही उणीव परंपरेलाही जाणवली असावी. कारण पुढे सूत्रांचे प्रसंग सांगणारे ‘प्रकरणवश’ हे स्वतंत्र वाङ्मय निर्माण झाले. संक्षिप्त रूप तर टिकले, आणि मूळ प्रसंगाकडे परतण्याची वाटही बांधली गेली.

या उदाहरणावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, संहिता तिच्या मूळ जागेतून हलवूच नये. तो स्वीकारता येत नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. त्या लिपीने ग्रंथांचे रक्षण केले हे खरे. पण तिच्यामुळेच शतकानुशतके बाहेरचा मराठी वाचक या गद्याला मुकला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ती उलगडली, तेव्हा कोठे मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला हे दालन खुले झाले. जी संहिता एकाच आज्ञावलीत उघडते, तिची अवस्था याहून वेगळी नाही. आज्ञावली बंद पडली की संहिताही गेली. तेव्हा संहितेला बाहेर पडता आले पाहिजे, हे तिच्या लेखकांचे आणि वाचकांचे न्याय्य मागणे आहे. प्रश्न बाहेर पडण्याच्या रीतीचा आहे.

देवनागरीच्या बाबतीत तर अक्षरांपासूनच जपावे लागते. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते, दिसते मात्र त्याच्या आधी. पीडीएफ मूलतः आकृत्या आणि त्यांची जागा नोंदवते. आकृतीमागचे वर्ण कोणते याची जोडणी नीट झाली नसेल, तर पान डोळ्यांना निर्दोष दिसते, आणि त्यातील वाक्य उचलून दुसरीकडे ठेवले की वेलांट्या व जोडाक्षरे विस्कटतात. असे पान वाचता येते, पण त्यात शोध घेता येत नाही आणि पुढे लिहिता येत नाही. शब्दांना धक्का न लावता केलेले स्थलांतर निरुपद्रवी असते, हा समज येथेच ढळतो.

यावर आक्षेप असा येईल की, वाचकाला इतिहासाची गरजच काय? वणी किंवा पुसदच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला परीक्षेपुरते आठ पानांचे टिपण हवे असते. त्याच्यावर मतभेदांचा ढिगारा लादणे हीच क्रूरता नव्हे का? आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक वाचकाला सर्व काही पुरवणे हे कर्तव्य होऊ शकत नाही. परंतु त्या विद्यार्थ्याच्या हाती पडलेली पीडीएफ छापील ग्रंथासारखी दिसते आणि ग्रंथाचाच अधिकार सांगते. काल सायंकाळी कोणी बदललेले आणि आज सकाळी पुन्हा बदललेले वाक्य त्याला निर्णायक मत म्हणून भेटते. तो ते उत्तरपत्रिकेत लिहितो, पुढे प्रबंधात उद्धृत करतो. चूक उघडकीस आली तर मूळ पान दुरुस्त होते. त्याच्याजवळची प्रत दुरुस्त होत नाही, आणि जाब कोणाला विचारावा हेही त्याला कळत नाही. येथे हानी संक्षेपाने होत नाही. संक्षेप झाल्याचे लपून राहते, म्हणून ती होते.

यातून दोन कर्तव्ये निष्पन्न होतात. पहिले, संहितेला कोणत्याही एका पात्राची कैदी होऊ न देणे. दुसरे, नव्या पात्रात तिने आपले अपूर्णत्व झाकू नये याची काळजी घेणे. ही दोन्ही परस्परांशी झगडतात, हे मान्य केले पाहिजे. जे टिकाऊ आणि सुटसुटीत असते, त्यात मतभेदांना जागा कमी असते. झगडा सुटणार नसेल तर संक्षिप्त रूपही ग्राह्य मानावे, मात्र एका अटीवर. प्रत कोणत्या दिवशीची, कोणत्या आवृत्तीची, लिहिणारे कोण, काय गाळले आणि गाळलेले कोठे सापडेल, हे त्या प्रतीच्याच अंगावर लिहिलेले असावे. विकिपीडियाच्या परवान्यातील श्रेयनिर्देशाची अट या दिशेने थोडी जाते. पण श्रेय देणे आणि मतभेद कळवणे या भिन्न गोष्टी आहेत. यादीतील नावे कोणी लिहिले ते सांगतात, कोण असहमत होते ते सांगत नाहीत.

जुन्या पोथीची नक्कल करणारा लेखक समाप्तीला शक, तिथी, आपले नाव लिही आणि चुकभुलीबद्दल क्षमा मागे. आपण त्याला विनयाची रूढी समजत आलो. ही प्रत माझ्या हातची आहे, ती चुकू शकते आणि हिच्या आधी दुसरी होती, एवढी कबुली मात्र त्या दोन ओळींत होती. पाने बाहेर काढणाऱ्या यंत्राकडून ती आपोआप मिळणार नाही. कळ दाबणाऱ्यानेच ती लिहिली पाहिजे.