सुभेदार कोणाचा?

बीडहून गेवराईकडे निघालं की पुढे गोदाकाठी राक्षसभुवन लागतं. लोक तिथं शनीच्या दर्शनाला जातात. 10 ऑगस्ट 1763 रोजी थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेला इथंच धूळ चारली, हे आपण शाळेत शिकलो. गंमत अशी की हरलेला आणि जिंकलेला, दोघेही कागदोपत्री दुसऱ्याचे चाकर. एक दिल्लीच्या बादशहाच्या सुभेदाराचा वारस, दुसरा साताऱ्याच्या छत्रपतींचा प्रधान. लढाई मात्र दोघांनी मालकासारखी केली.

दख्खनचा सुभा म्हणजे दिल्लीची कायमची डोकेदुखी. बीडजवळ महंमद तुघलकाच्या दाताची कबर दाखवतात. त्याच्याच हयातीत, 1347 मध्ये, दौलताबादेच्या अमीरांनी बंड करून बहामनी गादी उभी केली. पुढे 1724 मध्ये निजाम-उल-मुल्कानं तेच केलं, फक्त बादशहाचं नाव पुसलं नाही. त्यामुळे दिल्लीच्या डोक्यात प्रश्न एकच राहिला: दूर धाडलेला माणूस आपला राहील कसा? तो रयतेचा असावा, हा विचार कुणाला शिवलाही नाही. निजामीतही बीड औरंगाबाद सुभ्यात होतं. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, त्याच्यावर सुभेदार, आणि दोघांचीही तोंडं हैदराबादेकडे.

17 सप्टेंबर 1948 ला निजामानं शरणागती पत्करली आणि जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. 26 जानेवारी 1950 ला संविधान लागू झालं आणि हैदराबादचे राजप्रमुख म्हणून कोण आले? मीर उस्मान अली खान, म्हणजे खुद्द निजाम. ज्याच्या राज्याविरुद्ध स्वामी रामानंद तीर्थांसोबत माणसं तुरुंगात गेली, त्याच्याच नावानं 1952 मध्ये लोकनियुक्त सरकारचा कारभार सुरू झाला. आमच्या भागानं घटनात्मक प्रमुख ही चीज पहिल्यांदा पाहिली ती अशी: माणूस तोच, नखं काढलेला.

तिकडे घटना समितीत मोठी उलथापालथ होऊन गेली होती. प्रांतांच्या घटनेसाठी सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनं 1947 मध्ये गव्हर्नर लोकांनी थेट निवडून द्यावा असं सुचवलं होतं. 1949 च्या मे महिन्यात ते मागे पडलं आणि राष्ट्रपतींनी नेमलेला राज्यपाल आला. निवडून आलेल्या मुख्यमंत्र्यासमोर निवडून आलेला राज्यपाल उभा केला तर एका म्यानात दोन तलवारी होतील, हा युक्तिवाद खोटा नव्हता. फाळणी नुकतीच झालेली, त्यामुळे केंद्राचा धागा घट्ट हवा ही भीतीही खरी होती. पण त्या दिवशी सुभेदाराचा जुना प्रश्न नव्या घटनेत मागच्या दारानं शिरला, असं मला वाटतं.

1 नोव्हेंबर 1956 ला राजप्रमुख हे पद गेलं, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. राजप्रमुखपद रद्द करणाऱ्या सातव्या घटनादुरुस्तीनंच कलम 371(2) आणलं. 1953 च्या नागपूर करारात मागास भागांना दिलेल्या शब्दाला या कलमानं दार ठेवलं: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळं नेमावीत, निधीच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालावर टाकता यावी. कल्पना विलक्षण आहे. केंद्राचा माणूस प्रांतावर नजर ठेवायला नेमलेला. त्यालाच आता सांगायचं की मुंबईच्या मंत्रालयापासून बीड-परभणीचा वाटा सांभाळ. दिल्लीचा डोळा पहिल्यांदाच खालच्या माणसाच्या कामाला लावला.

लावला म्हणजे लिहून ठेवला. दार उघडायला 38 वर्षं लागली. मध्ये गोविंदभाई श्रॉफांसारखे लोक झगडत राहिले. 1984 मध्ये वि. म. दांडेकर समितीनं अनुशेष रुपयांत मोजला, विधिमंडळानंही मंडळांसाठी ठराव केला. अखेर 1 मे 1994 ला पी. सी. अलेक्झांडर राज्यपाल असताना मंडळं आली. त्यांनीच 2001 च्या डिसेंबरात निधिवाटपाचे निर्देश काढले. निर्देशांनी पाणी पडत नाही, हे खरंच. आष्टीला कृष्णेचं पाणी आणायची योजना वर्षानुवर्षं रेंगाळली, आणि दिवाळीच्या सुमारास जोडपी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीच्या कोयत्यावर जातात ती अजून जातात. तरी मागास भागाला बोट दाखवायला एक कागद होता, आणि त्याखाली सही राज्यपालाची होती.

राज्यपाल म्हटलं की आपल्याला आठवतो तो 23 नोव्हेंबर 2019 चा पहाटेचा शपथविधी. 30 एप्रिल 2020 कुणाला आठवत नाही. टाळेबंदीच्या दिवसांत मंडळांची मुदत गुपचूप संपली. त्या वर्षी नोव्हेंबरात सरकारनं विधान परिषदेवर नेमायच्या बारा जणांची यादी राजभवनावर पाठवली, ती तिथंच पडून राहिली. मार्च 2021 मध्ये विधानसभेत मंडळांचा प्रश्न निघाला तेव्हा उपमुख्यमंत्री अजित पवारांनी सांगितलं की राज्यपाल बारा नावं जाहीर करतील तेव्हा आम्ही मंडळं जाहीर करू. विरोधी बाकांवरून ओरड झाली, पण सौदा उघड्यावर मांडला गेला होता: एका पारड्यात बारा आमदारक्या, दुसऱ्यात मराठवाडा.

राज्यपालांनी नावं जाहीर केली नाहीत. सप्टेंबर 2022 मध्ये नव्या सरकारनं ती यादी परत मागून घेतली, आणि त्याच महिन्यात मंडळं पुन्हा आणावीत असा मंत्रिमंडळाचा निर्णयही झाला. तोवर बीडच्या दोन हंगामांचे कोयते जाऊन परत आले होते.